घोड्याच्या डोळ्याचा रंग

२१ सप्टेंबर, रविवार

बेगाय, तू ही वही उघडशील तोवर मला काय विचारलं होतंस तेच विसरली असशील. शहराच्या गाडीत बसून निम्मी वाट सरल्यावर जिला पायात घरातल्या सपाता आहेत हे कळलं, तिच्याकडून अपेक्षा तरी काय करायची? म्हणून आधी तुझाच प्रश्न तुला सांगते. तुझ्या कॉलेजातल्या मास्तरांना जुन्या शब्दांचा नाद. त्यांनी तुम्हा पोरांना एकेक शब्द वाटून दिला आणि तुझ्या वाट्याला आला 'कोज बोयोमो'. कोज म्हणजे डोळा, बोयोमो म्हणजे रंगवारंगवी. लबाडी, फसवाफसवी, वरवरचा देखावा, सगळ्याला आपण हेच म्हणतो. "आजी, हा शब्द कुठून आला ते आठवेल तसं सांग, आणि रोजचंही काही सांगत जा, आई लिहून घेईल." आठवलं? नशीब.

तर तुझी आई लिहितेय. मी बोलते त्यापेक्षा ती कमी लिहिते असा मला संशय आहे. जिपार, हे पण लिही.

आता शब्द. माझे वडील आत-बाशीच्या बाजारात लोकांना घोडे पारखून द्यायचे. घोडा म्हातारा झाला की डोळ्यांच्या वर खळगे पडतात आणि भोवतीचे केस पांढरे होतात. दात बघायचे तर तोंड उघडावं लागतं, आणि ते घोडा सुखासुखी उघडू देत नाही. डोळे मात्र लांबूनच दिसतात. म्हणून लबाड विकणारे अक्रोडाची हिरवी साल उकळायचे आणि तो रंग डोळ्यांभोवती चोपडायचे. घरून निघालेला घोडा आजोबा, बाजारात पोचलेला नवरदेव! माझे वडील घोड्याजवळ गेले की काही बोलायच्या आधी अंगठा जिभेला लावून डोळ्याच्या वर घासायचे. अंगठा तपकिरी झाला की पुढच्या घोड्याकडे. हा शब्द तिथूनच आला. झालं.

पण नाही! फोनवर तू म्हणतेस, मास्तरांचं मत वेगळं आहे. रंग घोड्याच्या नाही, बघणाऱ्याच्या डोळ्याला लागतो म्हणे. त्यांना विचार, जन्मात एक तरी घोडा विकत घेतलात का?

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज शब्दाबिब्दाचं काही नाही. आज डोकं उठलंय.

अठरा ऑक्टोबरला तुझ्या आजोबांच्या वर्षाचं जेवण. त्याला त्यांच्या स्वतःच्या बसायच्या घोड्याचं मांस शिजवायचं, असा आपल्या भावकीत रिवाज. बाकी गाव बाजारातून मिळेल ते जनावर आणतं, पण थोरल्यांना ते चालत नाही. थोरले म्हणजे आजोबांचे मोठे भाऊ. मी त्यांच्या घरची सून, मला त्यांचं नाव घेता येत नाही. लिहिणारीही सूनच, तिलाही घेता येत नाही. तेव्हा या वहीत ते बिननावाचेच राहणार.

मयताच्या दिवशी सगळ्यांसमोर थोरल्यांनी मला विचारलं, "सूनबाई, त्याच्या घोड्याचं काय?" मी म्हटलं, "वर्षाला मालकाच्या मागोमाग जाईल." त्या दिवशी त्यांनी घराचं काय विचारलं असतं तर घरही जाईल म्हणाले असते. पण बोलून बसले. थोरल्यांनी तिथल्या तिथे हात वर करून दुवा मागितली, घोड्याची शेपटी कापली, शब्द पक्का झाला. आता तो फिरवला तर थोरले जेवणाला हात लावणार नाहीत, आणि त्यांनी हात लावला नाही तर भावकीतलं कुणीच लावणार नाही. तुझ्या आजोबांचं वर्ष अर्धवट लटकत राहील.

आणि मला फिरवायचाही नाहीये. मला त्या घोड्याचं काडीचं कौतुक नाही. तोरू! म्हणजे तपकिरी. तुझ्या आजोबांना एवढंच नाव सुचलं. माझ्या डोक्यावरचा रुमाल ओढतो. मी विकायला केलेल्या, वाळत घातलेल्या लोकरीच्या नमद्यावर मुतलाय, लाल फुलांच्या, नव्या कोऱ्या. म्हणून रोज संध्याकाळी मी तबेल्यात जाऊन त्याची खरडपट्टी काढते. वेळ लागतो, सांगण्यासारखं पुष्कळ असतं. काल तुझा बाप दारात येऊन उभा राहिला.

"आई, चहा गार झाला. रागवून झालं नाही का अजून?"

"नाही झालं."

"मी थोरल्यांशी बोलून बघू?"

"खबरदार, सागीन! भावकीत माझं तोंड काळं करायचंय का तुला?"

तसाच परत गेला. हा मुलगा दिवसेंदिवस घुमा होत चाललाय. जिपार, थांबलीस का? डोळ्यात काय गेलं? चुलीपाशी बसून लिहू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं.

५ ऑक्टोबर, रविवार

माझ्या घरात मला कुणी काही विचारत नाही, हे मोठ्या अक्षरात लिही.

सकाळी तबेल्यात गेले तर रिकामा. सागीन आणि जिपारने तोरूला गाडीत घालून तुझ्या आजोळी पोचवलंय. का, तर तिकडच्या कुरणात अजून गवत आहे, चार दिवस चरला की अंगावर मांस चढेल. पाहुण्यांसमोर हाडकं वाढायची का, असं मलाच विचारतो!

मी म्हटलं, "मला सांगून नेलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"तुला सांगितलं असतं तर तूही गाडीत बसली असतीस."

"मी कशाला बसू? मला काय त्याचं?"

"तेच म्हटलं मी," सागीन म्हणाला. "तुला काय त्याचं?"

जेवले नाही. भूक नव्हती. संध्याकाळी तबेला झाडला. रिकामा आहे म्हणून काय झालं, झाडायला नको?

८ ऑक्टोबर, बुधवार

घरात चोर आहे.

नमद्याच्या लोकरीसाठी ठेवलेली अक्रोडाची साल पेटीतून गेली. एक पुडकं नाही, सगळी. दक्षिणेकडून येणाऱ्या बाईकडून घासाघीस करून घेतलेली, नीट सावलीत वाळवलेली. तुरटी मात्र तशीच. चोर अडाणी आहे. तुरटीत भिजवल्याशिवाय तो रंग लोकरीवर सारखा चढत नाही.

जिपारला विचारलं. तिला काही माहीत नाही. बोटं बघितली तर नखांपर्यंत तपकिरी.

"हे काय गं?"

"माहेरी अक्रोड सोलले, आई. रविवारी."

"तुझ्या माहेरी अक्रोडाचं झाड कधी लागलं? तिथे बटाटेसुद्धा धड येत नाहीत."

"शेजाऱ्यांनी आणले होते."

"मग मला चार का नाही आणलेस?"

मी सांगितलंय की चोर सापडला की या वहीत नावानिशी लिहायचं. ती म्हणाली, "लिहीन, आई." लिहिताना पेन इतकं दाबतेय की कागद फाटेल.

वर सागीन तीन वेळा माझ्याकडे येऊन विचारून गेला, पाऊस लागला तर अक्रोडाचा रंग उतरतो का? त्याला कधीपासून नमद्याची काळजी?

१२ ऑक्टोबर, रविवार

तोरू परत आला. आला म्हणे. मी कुठे बघितलाय? अंधार पडायच्या सुमाराला सागीनने त्याला गाडीतून उतरवला, अंगावर झूल, डोक्यावर पोतं, आणि तबेल्याच्या दाराला आतून गोधडी टांगली. तोरूचे डोळे आलेत म्हणे. उजेड सोसत नाही. कुणी जवळ जायचं नाही, विशेषतः आईने, कारण आईच्या हातांना लोकरीचा धुरळा असतो.

साठ वर्षं या हातांना लोकरीचा धुरळा आहे. सागीनला न्हाऊ घातलं तेही याच हातांनी. त्याचे डोळे आले नाहीत.

मी गोधडीबाहेर उभं राहून हाक मारली. आतून नुसतं फुरफुरणं. ते पण अनोळखी. आठवडाभर सासुरवाडीला राहिलं की घोडाही बदलतो. मी जिपारला म्हटलं, तुझ्या बापाच्या कुरणात काय उगवतं गं, की माझं जनावर मला ओळखेना? तिने एवढा ठसका लावला की पाणी आणावं लागलं.

शब्दाबद्दल आज एक आठवलं, ते राहून जाईल. फक्त डोळेच रंगवत नसत. माझे वडील म्हणायचे, चांगला लबाड घोड्याला रंगवतो, त्याहून चांगला त्याला सजवतो, आणि सगळ्यात पक्का लबाड घोडा दाखवतच नाही, नुसता त्याच्याबद्दल बोलतो.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज जिपारला सांगितलं, स्वच्छ अक्षरात लिही, कारण हे महत्त्वाचं आहे: माझ्या सुनेने घोड्याचे डोळे रंगवले.

दुपारी दोघं भांडी आणायला शेजारी गेली तशी मी गोधडी बाजूला सारून आत गेले. एका नजरेत कळलं, हा तोरू नव्हे. नजरेचीही गरज नव्हती. मी आत गेल्यावर तोरू आधी रुमाल ओढतो. हा नुसता उभा. गरीब, थकलेलं जनावर, कुणाचं तरी आयुष्यभर ओझं वाहिलेलं. रंगाने तोरूसारखाच, एवढं खरं. आणि डोळ्यांभोवतीचे पांढरे केस झाकायला माझी अक्रोडाची साल! एका डोळ्याला जाड, दुसऱ्याला पातळ, मधे कपाळावर ओघळ. चष्मा लावलेल्या शाळामास्तरासारखा दिसत होता. शेपटी काल कापल्यासारखी सरळ. तोरूची वर्षापूर्वी कापलेली, ती एव्हाना वाढून झुपकेदार झालीये, हे त्या दोन शहाण्यांच्या डोक्यातच आलं नाही.

जिपार आली तेव्हा मी तिथेच पालथ्या बादलीवर बसले होते.

"आई!"

"वही आण."

"आई, ऐकून घ्या..."

"वही आण. चोर सापडला, नावानिशी लिहायचं ठरलंय."

आणली. तिथेच खाली बसून तिने वरचं वाक्य लिहिलं. मग मान वर करून म्हणाली, "पुढे काय लिहू? सासूबाई रोज संध्याकाळी तबेल्यात जाऊन घोड्याच्या मानेला मिठी मारून रडत होत्या, हे पण लिहू?"

"मी रडत नव्हते. तिथे गवताची कुसळं उडतात."

"वर्षभर, आई? हिवाळ्यातसुद्धा?"

तुझी आई लग्न होऊन आली तेव्हा माझ्यासमोर मान वर करत नव्हती. बघ आता.

मी सांगितलं तिला. थोरल्यांनी आयुष्य घोड्यांत काढलंय. ते अंगठा फिरवतील, सगळ्या भावकीसमोर रंग निघेल, आणि तुझ्या सासऱ्याच्या वर्षाच्या दिवशी लोक म्हणतील की या बुरुल म्हातारीने मेलेल्या नवऱ्यालासुद्धा फसवलं. त्यापेक्षा सागीनला पाठव, तोरूला परत आणू दे, शब्द दिलाय तर दिलाय.

"तुम्ही म्हणत असाल तर आत्ता पाठवते," जिपार म्हणाली आणि उठलीच. दारापर्यंत गेली. तिथे उभी राहिली, पाठमोरी.

मला ते बघवेना. मी म्हटलं, "थांब. आधी हे काय करून ठेवलंयस ते बघ जरा. असं काम माझ्या घरातून बाहेर गेलं तर नमदे कोण घेईल माझे? तुरटी आण. आणि बारीक कुंचला. आणि कात्री, त्या शेपटीची सरळ कड मोडून झुपका करायचा आहे."

हे मी फक्त कामाच्या दर्जासाठी म्हटलं. बाकी गैरसमज नको.

१९ ऑक्टोबर, रविवार

काल वर्ष झालं. सगळं अंग मोडून आलंय, पण सांगते, नाहीतर जिपार आपल्या मनाने लिहील.

सकाळी लवकर उठून मी डोळ्यांवरून शेवटचा हात फिरवला, कारण रात्रीत एका खळग्यात पांढरं उघडं पडलं होतं. वाळायला वेळ मिळाला नाही. पाहुणे यायला लागले.

अंगणात रिवाजाप्रमाणे मीच लगाम धरून घोडा पुढे आणला. सागीनचा चेहरा पिठासारखा. मी मात्र मान खाली, रुमाल कपाळापर्यंत. सुनेने थोरल्यांकडे बघायचं नसतं, मग ती सत्तरीची का असेना. त्यामुळे मला त्यांचे बूट तेवढे दिसले. बूट आले, घोड्याच्या तोंडासमोर थांबले. उजवा हातमोजा काढून त्यांनी काखेत धरला असावा, कारण तो निसटून माझ्या पायाशी पडला. बूट हलेनात. 

"सूनबाई," थोरले म्हणाले, "माझ्या भावाचा घोडा हाच?"

खोटं मी बोलत नाही, तू जाणतेस. मी म्हटलं, "थोरले, सकाळी मी स्वतः त्याच्या डोळ्यांवरून हात फिरवलाय."

"दिसतंय," थोरले म्हणाले.

मग वाकून मोजा उचलला, हातात घातला, आणि मोठ्याने म्हणाले, "हात वर करा!" दुवा मागितली, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. झालं! बेगाय, त्यांना काहीही कळलं नाही. एवढा नावाजलेला पारखी, पण वय कुणाला सोडतंय? डोळे गेलेत त्यांचे, उघड आहे.

घोडा पाडायला दोऱ्या आणल्या तेव्हा मी त्या घोड्याचा लगाम लगेच सोडला नाही. त्याचं नाव आम्ही कुणी विचारलं नव्हतं. त्याच्या कानात मी काय बोलले ते लिहायचं नाही.

थोरल्यांचं एकूणच काही खरं नाही आता. जेवणाआधी सुरईने हातावर पाणी घालायला गेले तर म्हणे, घरून धुऊन आलोय. मोजा काढला नाही तो नाहीच. मानाचं हाड समोर ठेवलं, तर काटा मागितला! आयुष्यभर हाताने खाल्लेला माणूस मोजा घालून काट्याने मांस खातोय. त्यांच्या शेजारचा म्हातारा खिदळला, "काय, शहरवासी झालात काय?"

"संधिवात," थोरले म्हणाले. "अंगठ्यात."

मांस चिवट. सगळे चावतायत, चावतायत. शेवटी थोरलेच म्हणाले, "माझा भाऊही असाच होता. सहजासहजी ऐकायचा नाही." सगळे हसले. मीसुद्धा हसले, मग आत जाऊन थोडं बसले.

जाताना त्यांनी मला आवर्जून सांगितलं, "सूनबाई, त्याचं वर्ष नीट झालं. मन मोकळं ठेव." चांगला माणूस आहे, नजर गेली म्हणून काय झालं. अंगठ्याला चोळायला मेंढीची चरबी पाठवून दिलीये.

२२ ऑक्टोबर, बुधवार

तुझ्या मास्तरांना सांग, त्यांचं बरोबर असेल. मी घोड्याचे डोळे रंगवले असं मला वाटत होतं, पण रंग लागला तो थोरल्यांच्या डोळ्यांना, आणि असा पक्का लागला की आयुष्यात उतरायचा नाही. फार हुशारी दाखवू नये म्हणून मी गावात काही बोलत नाही.

काल थोरले सहज डोकावून गेले. मोजा अजून आहेच. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, आणि उठता उठता सागीनला विचारतात काय, "तुझ्या सासऱ्याकडे यंदा गवत पुरेल ना रे हिवाळ्याला? माझ्याकडे एक गंजी जास्तीची आहे. लागली तर गाडी आण." सागीन नुसता बघत राहिला. मी म्हटलं, बघ, हे म्हातारपण. आपल्या व्याह्यांच्या गवताशी यांचा काय संबंध? पण वडीलधारा माणूस देतोय तर नाही कशाला म्हणायचं, आण म्हटलं.

आणि आज सकाळी तुझ्या आजोळहून फोन. तोरू खात नाही. कुंपणापाशी आमच्या गावाकडे तोंड करून उभा असतो, गवत टाकलं की हुंगून सोडून देतो. तुझ्या आईचा बाप म्हणतो, "विहीणबाई, रुसलाय तो." रुसलाय! वयात आलेली पोर आहे का रुसायला? मागच्या दाढा झिजल्यात त्याच्या, कोरडं गवत चावणार कसा? एवढं मोठं कुरण सांभाळणाऱ्या माणसाला हे कळू नये? कुणाकुणाला शिकवायचं मी?

जिपार, हे वेगळ्या कागदावरही उतरव आणि उद्या पहाटेच्या गाडीवाल्याकडे सामानासकट दे. जव पाठव, पण अख्खे नको, भरडून. वर लिही की रात्री कोमट पाण्यात भिजवायचे आणि चिमूटभर मीठ घालायचं. बागेतली गाजरं सगळी उपट आणि टोपलीभर पाठव; गोल चिरायची नाहीत म्हणावं, लांब फोडी करायच्या, गोल घशात अडकतात. आणि कोंडा एक पोतं. नाही, दोन पाठव.